धागा: नागपूर–आनंदवन–मूल–नागभीड–नागपूर, चार दिवसांची सायकल मोहीम (शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी)

झिरोमाइल
९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरच्या मोहिमेचा आराखडा टाकतो आहे. चुका असतील तर स्पष्ट सांगा.

पैसा कशासाठी ते आधी. नागभीड-सिंदेवाही पट्ट्यात आठवी ते दहावीच्या मुली तीन-चार किलोमीटर पायी शाळेत जातात. एसटीची वेळ जुळली नाही तर एकतर शेवटचा तास बुडतो, नाहीतर घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. आपल्याला चाळीस सायकली द्यायच्या आहेत. एका सायकलीला सहा हजार धरले तर २,४०,००० रुपये. आपण २४ जण, म्हणजे प्रत्येकाने १०,००० रुपये गोळा करायचे.

मार्ग असा (अंतरं साधारण आहेत):
पहिला दिवस: झिरो माइल, वर्धा रोडने बुटीबोरी, जाम, तिथून चंद्रपूर रस्त्याने वरोरा. १०५ किमी.
दुसरा: वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, मूल. ९५ किमी.
तिसरा: मूल, सिंदेवाही, नागभीड. ६० किमीच्या आत. हा दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण सायकली याच दिवशी द्यायच्या.
चौथा: नागभीड, भिवापूर, उमरेड, नागपूर. १०५ किमी.

समृद्धीचा विचार कोणी करू नका, तिथे सायकल आणि दुचाकीला बंदी आहे. पहिला मुक्काम वरोऱ्याला ठेवण्यामागे अंतराइतकंच आणखी एक कारण आहे. बाबा आमट्यांची 'भारत जोडो' यात्रा सायकलवरच झाली होती, १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे आणि पुढे १९८८ मध्ये इटानगरहून ओख्याकडे. आनंदवनाच्या दारावरून जायचं आणि आत डोकवायचं नाही, हे बरं दिसत नाही. भेटीची परवानगी मात्र आधी पत्र देऊनच घ्यायची. चोवीस माणसं अचानक दारात उभी राहणं योग्य नाही.

हिशेबवही
९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

झिरोमाइल भाऊ, मार्ग छान आहे, पण पैशाचा भाग अर्धाच लिहिलात. मी थोडं सविस्तर लिहिते, कारण अशा मोहिमा रस्त्यावर मोडत नाहीत, हिशेबात मोडतात.

पहिली गोष्ट: मोहिमेचा खर्च आणि देणगी यांचा एकमेकांशी काहीही संबंध ठेवायचा नाही. कोणी मुलीच्या सायकलीसाठी पाचशे रुपये दिले तर ते आपल्या जेवणासाठी दिलेले नाहीत. खर्च असा बसतो: २४ सायकलस्वार आणि ४ मदतनीस मिळून २८ माणसं. जेवण-नाश्ता दिवसाला माणशी ४०० धरला तर चार दिवसांचे ४४,८००. तीन रात्री मंगल कार्यालयात किंवा हॉलमध्ये गाद्यांसह माणशी ३००, म्हणजे २५,२००. पिकअप ड्रायव्हर-डिझेलसह दिवसाला ४,५००, चार दिवसांचे १८,०००. सुटे भाग आणि औषधं ८,०००. झाले ९६,०००. त्यावर दहा टक्के राखीव धरले की १,०५,६००. भागिले २४, म्हणजे प्रत्येकी ४,४००. हे प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून भरायचे. ज्याला जमत नाही त्याचे बाकीचे वाटून घेतील, पण देणगीला हात लावायचा नाही. टी-शर्टला कोणी प्रायोजक मिळाला तर ती रक्कमही खर्चाच्या वहीत दिसली पाहिजे.

दुसरी: देणगी कोणाच्याही खासगी यूपीआयवर घ्यायची नाही. नोंदणीकृत संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड फिरवायचा आणि पैसा थेट तिथेच जमा व्हायचा. आपल्या खात्यात घेऊन पुढे पाठवले की पावती देणगीदाराच्या नावाने निघत नाही, आपल्या नावाने निघते. त्याची देणगीवरची आयकर सवलत (८०-जी म्हणून ओळखली जाणारी) तिथेच जाते. आपण गट म्हणून वर्गणी गोळा करणार असू, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ क लागू होतं आणि धर्मादाय कार्यालयात जावं लागतं. संस्थेच्या नावाने, तिच्या लेखी संमतीने आणि तिच्याच खात्यात घेतलं की सगळं सोपं होतं.

देणगीदारांना तीन गोष्टी आधीच सांगा. पॅनसारखा ओळख क्रमांक दिल्याशिवाय सवलतीचं प्रमाणपत्र नाही. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर त्या रकमेवर सवलत नाही. आणि नवीन करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मुळातच नाही. नंतर कळलं की माणूस दुखावतो.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दलही विचारणा होईलच. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून पाठवलेली देणगी परकीय अंशदान धरली जात नाही. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्याचे पैसे एफसीआरए (परकीय अंशदानाचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या ठरलेल्या खात्यातच घेता येतात. आपल्या संस्थेकडे ती नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

आणि 'किलोमीटरमागे इतके' अशी देणगी मागू नका. पाऊस आला, सायकल मोडली, अंतर कमी झालं की रक्कमही कमी. ठरीव रक्कम मागा आणि निघण्याच्या आठ दिवस आधी ऐंशी टक्के जमा झाली पाहिजे असं धरा. परतल्यावर 'देतो, देतो' म्हणणारे पुष्कळ असतात. शिवाय सायकलींची ऑर्डर आगाऊ रकमेशिवाय लागत नाही.

चेनकव्हर
१० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

हिशेबताईंच्या शब्दाला शब्द. आता ज्या चाळीस सायकली द्यायच्या त्यांचं बोलतो, कारण त्याच महत्त्वाच्या.

गिअरवाली, डिस्कब्रेकवाली, जाड टायरची सायकल देऊ नका. फोटोत छान दिसते, पण नागभीडच्या आतल्या गावात तिचा सुटा भाग मिळत नाही आणि ती चौथ्या महिन्यात भिंतीला टेकते. साधी स्टीलची लेडीज फ्रेम, सिंगल स्पीड, २६ × १ ३/८ टायर, कॅरिअर, स्टँड, पूर्ण चेनकव्हर, मडगार्ड आणि कुलूप. या मापाची ट्यूब कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळते. पूर्ण चेनकव्हर शोभेचं नाही, सलवार किंवा ओढणी चेनमध्ये जाऊ नये म्हणून ते लागतं.

ऑर्डरआधी शाळेकडून मुलींची उंची मागवा. २६ इंची साधारण पाच फुटांच्या पुढे बसते, त्याखाली २४ इंची. सीट सगळ्यात खाली केल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत. 'मोठी होईल तेव्हा बसेल' म्हणून मोठी सायकल दिली की मुलगी पडते आणि घरचे सायकल बंद करतात.

कोटेशन बघताना जीएसटी तपासा. सायकलींवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. 'फिटिंगसह' हा शब्द लिहून घ्या. खोक्यातून येणारी सायकल अर्धवट जोडलेली असते, आणि चाळीस एका दिवसात जोडायच्या म्हटल्यावर कामगार घाई करतात. घाईत हमखास चुकतं ते इथे:

डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं. पाना जोर लावून फिरवला की क्रँकचा (पॅडलच्या दांड्याचा) आटा मरतो आणि शंभर किलोमीटरच्या आत पॅडल निखळतं. पॅडल आधी हाताने तीन-चार फेरे गेलंच पाहिजे, मगच पाना.
स्पोक सगळे सारखे ताणलेले नसतात. चाक उचलून फिरवा आणि ब्रेक शूकडे बघा. रिम एका बाजूला घासत असेल तर आउट काढून (चाक सरळ करून) घ्या.
हँडल आवळणारा कोन (शंकूसारखा तुकडा) ढिला राहतो. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा, अजिबात हललं नाही पाहिजे.
कॉटर पिनचा क्रँक असेल तर पिन पहिल्या महिन्यात बसते आणि नट सैल होतो.

म्हणून एक महिन्याने दुसरी फिटिंग लागतेच. नव्या केबल ताणतात, नवे स्पोक बसतात, त्याला इलाज नाही. गावच्या दुकानदाराला सायकलीमागे शंभर रुपये आधीच देऊन ठेवा, म्हणजे चार हजार. हे चार हजार २,४०,००० मध्ये धरलेले नाहीत, धरा.

नवीन_पॅडल
१० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

माझ्याकडे साधी बिनागिअरची सायकल आहे, येता येईल का? आणि तयारी किती आठवड्यांची करायची?

चेनकव्हर
१० नोव्हेंबर, सकाळी ११:३०

येता येईल ताई. या मार्गावर घाट नाही, चढ आहेत पण लांब आणि हलके. फक्त पुढचा-मागचा दाता बघा. पुढे ४४ आणि मागे १८ असेल तर चालतं. मागे १६ असेल तर शंभर रुपयांच्या आसपास १८ चं फ्रीव्हील बदलून घ्या, गुडघे वाचतील.

तयारीला सहा आठवडे द्या. आठवड्यात दोनदा २५-३० किमी आणि रविवारी एक लांब फेरी: ४०, ५०, ६०, ७५ अशी वाढवत न्या. ७५ साठी पवनार-सेवाग्राम सगळ्यात बरं. बुटीबोरीहून केळझर, सेलू, पवनार, रस्ता ओळखीचा आणि परत यायला वर्ध्याहून रेल्वे आहे. शेवटच्या आठवड्यात लांब फेरी नको, फक्त हलकं चालवा. आणि निघण्याच्या चार दिवस आधी नवीन सीट, नवीन बूट, नवीन टायर काहीही लावू नका.

चेन प्रत्येकाने मोजा. पोलादी पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा, नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर आणखी एका पिनचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर मागचे दातेही गेले, नवी चेन त्यावर उड्या मारेल.

उमरेडकर
१० नोव्हेंबर, रात्री ८:२०

रस्त्याचं मी सांगतो. प्रत्येक दिवसाचा त्रास वेगळा आहे.

पहिला दिवस: वर्धा रोडवर डबलडेकर पुलावर चढू नका, खालून अजनी, छत्रपती चौक, चिंचभवन, खापरी असं जा. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला लाइट लावून निघालं तर बुटीबोरीच्या कंपन्यांच्या बसगाड्यांची गर्दी व्हायच्या आत शहराबाहेर पडता. धुकं दाट असेल तर सरळ अर्धा तास थांबा. विधानसभेचं अधिवेशन आटोपल्यावरचीच तारीख धरा, तेव्हा पोलीस मोकळे असतात आणि मोर्चेही नसतात. जामला हैदराबादकडे जाणारी वाहनं सरळ जातात आणि आपल्याला चंद्रपूरकडे वळायचं आहे. तिथे एक माणूस आधी पाठवून उभा करा. जामनंतर कापसाचा पट्टा आहे. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रुंदीबाहेर भरलेल्या असतात, त्यांच्या बाजूने घुसायचं नाही.

दुसरा दिवस: वरोरा ते चंद्रपूर कोळशाची वाहतूक. रस्त्याच्या कडेला काळी बारीक भुकटी बसलेली असते, वळणावर टायर सरकतं. तोंडाला रुमाल बांधा आणि चेनला ओलं जाड तेल लावू नका, भुकटी त्यात मिसळून खरवडपेस्ट होते. संध्याकाळी चेन रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा, सुकू द्या, प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एक थेंब टाका आणि वरचं पुसून घ्या.

आता नीट वाचा. चंद्रपूर-मूल आणि मूल-सिंदेवाही हे दोन्ही टप्पे वाघाच्या जंगलातून जातात. या जिल्ह्यात माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत, आणि बहुतेक वेळा माणूस एकटा किंवा वाकलेला असताना. सायकलवरचा माणूस वाकलेलाच असतो. म्हणून जंगलाच्या टप्प्यात सकाळी ९ च्या आत आणि दुपारी ४ नंतर चाक फिरलं नाही पाहिजे. सहाच्या गटाखाली कोणी जायचं नाही. लघवीला झुडपात जायचं नाही, वस्तीत थांबायचं. पंक्चर झालं तरी जंगलात बसून काढायचं नाही, सायकल पिकअपमध्ये टाका आणि पुढच्या गावात काढा. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला दुपारी १२ च्या आत पोचला नाहीत तर मूलपर्यंत सायकल नको, गाडीने जा. देणगीदाराला तुमच्या जिवाची जोखीम नको असते.

तिसरा दिवस: धानाचा मुलूख. मळणीचे दिवस असतील तर तणीस (धानाचा पेंढा) रस्त्यावर पसरलेली असते. ती मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांत गुंडाळली जाते. पॅडल जड लागलं की लगेच थांबा, मारत राहिलात तर हँगर (डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकतो आणि डिरेलर स्पोकमध्ये जातो. दुसरं, झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो. मंडईच्या (गावजत्रेच्या) रात्री गावात मुक्काम पडला तर पहाटेपर्यंत भोंगे आणि हॉलही मिळत नाही. नागभीडचा हॉल आत्ताच सांगून ठेवा आणि त्या तारखेला जवळ मंडई आहे का तेही विचारा.

चौथा दिवस: हिवाळ्यात वारा साधारण उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणजे परतताना तोंडावर किंवा बाजूने. जाताना तासाला १८ पडत असेल तर इथे १५ धरा. उमरेडच्या अलीकडे पुन्हा कोळशाचे ट्रक आहेत.

पंक्चरचं म्हणाल तर बाभळीच्या काट्यापेक्षा फुटलेल्या ट्रक टायरच्या तारा जास्त वाईट. केसाएवढी बारीक तार टायरमध्ये अडकते आणि बोटाला लागत नाही. नवी ट्यूब टाकता, दहा किलोमीटरने पुन्हा हवा जाते. उपाय आपल्याच विदर्भातला: कापसाचा बोळा टायरच्या आतून एक पूर्ण फेरा फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे तार आहे. नखकात्रीने किंवा चिमट्याने ओढून काढा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर ते तारेचं काम नाही, हवा कमी असल्याने ट्यूब रिमखाली चेपली आहे.

नवीन_पॅडल
१० नोव्हेंबर, रात्री ९:०५

हवा किती ठेवायची मग?

चेनकव्हर
१० नोव्हेंबर, रात्री ९:२०

सत्तर किलोच्या माणसाला ७००×३२ टायरमध्ये पुढे ६०, मागे ७० पौंड. दोन इंची एमटीबी टायरला ४०-४५. साध्या २६ × १ ३/८ ला ४५-५०. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त किती ते छापलेलं असतं, त्यापुढे जाऊ नका.

पिकअपमध्ये हे ठेवा: गटात जितक्या मापाच्या ट्यूब आहेत त्या प्रत्येकी पाच, दोन फ्लोअर पंप (कारच्या आणि बारीक अशा दोन्ही व्हॉल्व्हला चालणारे), पॅचची डबी आणि सोल्युशन, टायर लिव्हर, ४-५-६ चे ॲलन पाने, चेन कटर, ८-९-१० स्पीडच्या क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या), ब्रेकच्या आणि गिअरच्या पाच-पाच केबल, ब्रेक पॅड, दोन जादा टायर. सोल्युशन लावून पाच मिनिटं सुकू द्या, ओल्यावर पॅच चिकटवला की उन्हात सुटतो. हँगर मात्र ज्याच्या सायकलचा आहे त्यानेच आणायचा, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

फिजिओ_धंतोली
११ नोव्हेंबर, दुपारी १:४५

शरीराबद्दल थोडक्यात. सीटची उंची: टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून लोक विसरतात. पण नुसतं पाणी ढोसणंही घातक आहे, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं आणि माणूस गोंधळतो. दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस हवं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, साधारण एक लिटरमध्ये एक. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. खाणं दर तासाला थोडं: एक केळं आणि एक शेंगदाण्याची चिक्की पुरे. संत्री मोसमात आहेतच, पण सावजीचा रस्सा परतल्यावर.

पॅडेड चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालू नका, शिवण कातडी सोलते. पोचल्याबरोबर कपडे बदला आणि जागा धुऊन कोरडी करा. करंगळी बधिर होत असेल तर हाताची नस दबते आहे, पकड बदला आणि कोपर थोडे वाकवा.

क्रमांक प्रत्येकाच्या सायकलवर चिकटवा: ११२, रुग्णवाहिका १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. पहिल्या दिवशी सुरुवातीला मिहानचं एम्स जवळ, पुढे हिंगणघाट आणि वरोऱ्याची उपजिल्हा रुग्णालयं, दुसऱ्या दिवशी चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रक्तगट, घरचा नंबर आणि चालू औषधं असं कार्ड प्रत्येकाच्या खिशात प्लास्टिकमध्ये.

झिरोमाइल
११ नोव्हेंबर, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. बदल असे:

सहा-सहाचे चार गट, एकामागे एक रांगेत, दोन गटांत दोनशे मीटर अंतर, म्हणजे ट्रकला मागे टाकून मध्ये शिरायला जागा मिळते. प्रत्येक गटाच्या शेवटी एक अनुभवी माणूस, त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. पिकअप शेवटच्या गटामागे, दुसरी छोटी गाडी पुढे. खड्डा दिसला की पुढच्याने हात दाखवायचा आणि तो इशारा मागपर्यंत पोचवायचा. नागपूर शहर वाहतूक शाखा, नागपूर ग्रामीण आणि चंद्रपूर व वर्धा पोलीस अधीक्षक यांना मार्ग-वेळापत्रकाचं पत्र पंधरा दिवस आधी. चंद्रपूर-मूल आणि मूल-सिंदेवाहीसाठी वनविभागालाही.

उद्दिष्ट २,४४,००० केलं, दुसऱ्या फिटिंगचे चार हजार धरून. तिसरा दिवस शाळेचा कामाचा दिवस असेल अशीच तारीख घेतो. सायकली पाठवण्याचा टेम्पो आदल्या दिवशी जाईल, त्याचं भाडं खर्चाच्या वहीत.

एकच शंका. सायकल देताना सोबत आणखी काय द्यावं?

हिशेबवही
११ नोव्हेंबर, रात्री १०:३५

पावती आणि बिलाची प्रत. सायकलचा फ्रेम नंबर, मुलीचं नाव आणि पालकांची सही एका रजिस्टरवर, एक प्रत शाळेत, एक संस्थेत. मुलींची नावं आणि फोटो फेसबुकवर टाकू नका. देणगीदारांना फ्रेम नंबर आणि बिल पाठवा, तेवढ्याने विश्वास बसतो.

चेनकव्हर
११ नोव्हेंबर, रात्री १०:५०

प्रत्येक पाच मुलींमागे एक पंप आणि शाळेत एक पेटी: डबल पाने ८-१० आणि १२-१३, मोठा स्क्रू ड्रायव्हर, टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, चार ट्यूब, मूठभर वालट्यूब (व्हॉल्व्हवरचं रबर) आणि तेलाची बाटली. साध्या सायकलची हवा निम्म्या वेळा पंक्चरने जातच नाही, व्हॉल्व्हवरचं रबर फाटलेलं असतं. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा, बुडबुडा आला तर दोन रुपयांचं रबर बदला. हे त्या दुपारी मुलींच्याच हातांनी एकदा करून घ्या. आणि पेटीची किल्ली गुरुजींच्या कपाटात नको, दहावीच्या दोन मुलींकडे द्या.